ओल्या वाकळेचा इतिहास

दसरा झाला की सोनपेठ तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवर ऊसतोडीला जाणाऱ्यांची बांधाबांध सुरू होते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तेव्हा दोघांनाही जावे लागते. चार-पाच महिन्यांचा संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवायचा असतो. त्या दिवसांत घरोघरी एकच प्रश्न असतो : लेकरांना कारखान्यावर कोपीत न्यायचे, की मागे ठेवायचे? मागे ठेवायचे तर म्हाताऱ्या माणसांजवळ, नाहीतर हंगामी वसतिगृहाची सोय असेल तर तिथे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी एक बाई मला म्हणाल्या, "भाऊ, थोरलीला ठेवते. धाकट्याला संगंच नेते. रातीला अंथरुणात मुततंय त्ये. पोरं चिडवून चिडवून खातील त्याला." मुलगा आठ वर्षांचा, तिसरीतला. त्याची वाकळ माळवदावर वाळत पडली होती. रस्त्यावरून दिसू नये म्हणून तिच्यावर एक जुने लुगडे पसरलेले होते. तो मुलगा त्या वर्षी आईबापाबरोबर गेला आणि त्याची शाळा पाच महिने बुडाली. गरिबी, उचल आणि दुष्काळ ही स्थलांतराची कारणे आपण लिहितो, मोजतो, त्यांवर परिसंवाद घेतो. एका मुलाच्या शिक्षणाच्या आड रात्रीची ओली वाकळ येऊ शकते, हे मात्र कोणत्याही नोंदवहीत मी पाहिलेले नाही.

मी डॉक्टर नाही. जुनी पुस्तके जमवणे आणि वाचणे एवढीच माझी शाळा. पण त्या संध्याकाळनंतर एक प्रश्न माझ्या मागे लागला. लेकराचे अंथरूण ओले झाले की माणसांनी आजवर त्याचा अर्थ कसा लावला? कोणत्या काळी कोणाला दोषी धरले, आणि दोषी शोधायचे सोडून कारण शोधायला केव्हा सुरुवात झाली? या लेखात त्या वाचनाचा हिशेब मांडतो आहे.

शब्दांपासून सुरुवात

आपल्या भाषेत या गोष्टीला दोन प्रकारचे शब्द आहेत. एक 'मुतरा'. हा शब्द मुलाला चिकटतो; त्याचे विशेषण होतो आणि गल्लीत त्याचे नाव होऊन बसतो. दुसरा वैद्यकातला 'शय्यामूत्र'. हा घटनेचे नाव सांगतो. मुलाबद्दल काही बोलत नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथे वैद्याइतकाच हकीमही जवळचा होता. युनानी वैद्यकात याच तक्रारीला 'बौल-फिल-फराश' म्हणतात. बौल म्हणजे मूत्र, फराश म्हणजे अंथरूण. शय्यामूत्राचेच ते अरबी रूप. शास्त्राच्या दोन्ही परंपरांनी घटनेला नाव दिले आणि गल्लीने मुलाला, एवढा फरक आधी ध्यानात ठेवू.

शय्यामूत्र हा शब्द फार जुन्या ग्रंथांत स्वतंत्र रोग म्हणून येत नाही. चरक-सुश्रुतांच्या संहितांत मूत्राच्या विकारांची मोठी चर्चा आहे. मूतखडा मुलांमध्ये जास्त आढळतो, हे सुश्रुताला माहीत होते. पण झोपेत अंथरूण ओले करणे हा वेगळा रोग म्हणून ते मांडत नाहीत. तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमाराच्या शार्ङ्गधरसंहितेत बालरोगांची जी गणती आहे, तिच्यात शय्यामूत्राचे नाव येते. नाव येते, एवढेच. लक्षणे, कारणे, प्रकार यांचा विस्तार तिथे नाही. मला यात एक सूक्ष्म सत्य दिसते. घराघरात घडणारी गोष्ट रोगांच्या यादीत यायला फार काळ जावा लागला. बहुधा ती वैद्यापर्यंत पोहोचतच नसावी. आईने वाकळ उन्हात टाकायची आणि विषय संपवायचा, अशीच रीत असणार.

न बोलणाऱ्याचे दुखणे

मुलांच्या निदानाचा विचार सर्वांत हळुवारपणे ज्या ग्रंथात केला आहे, तो म्हणजे काश्यपसंहिता. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी कौमारभृत्य या अंगाचा हा ग्रंथ. तो शतकानुशतके हरवल्यासारखाच होता. नेपाळात त्याची एक खंडित पोथी मिळाली आणि राजगुरू हेमराज शर्मा यांच्या विस्तृत उपोद्घातासह १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने तो छापला. आपल्याच मुंबईत छापला गेला, म्हणून तो जुन्या ग्रंथालयांतून आपल्यापर्यंत पोहोचला.

या संहितेच्या सूत्रस्थानात 'वेदनाध्याय' नावाचा अध्याय आहे. शिष्य वृद्धजीवक गुरू काश्यपांना विचारतो, जे बाळ बोलू शकत नाही त्याला काय दुखते आहे हे वैद्याने कसे ओळखायचे? उत्तरात काश्यप एकेक दुखणे घेतात आणि बाळ त्या वेळी काय करते ते सांगतात. डोके दुखत असेल तर बाळ डोके हलवते, डोळे मिटून घेते. कान दुखत असेल तर हात कानाकडे नेते. मूत्रकृच्छ्रात, म्हणजे लघवी करताना त्रास होत असेल तर अंगावर काटा येतो, बाळ ओठ चावते आणि हाताने ओटीपोटाला स्पर्श करते. पुढे प्रमेहाची लक्षणे येतात : जडपणा, अचानक लघवी होणे, आणि लघवीवर माश्या बसणे.

हे वाचताना मी थबकलो. अचानक होणारी लघवी आणि तिच्यावर बसणारी माशी या दोन गोष्टी काश्यपांनी शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत. चरकसंहितेतही प्रमेहाच्या पूर्वचिन्हांत रुग्णाच्या शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या येतात असे सांगितले आहे. आजच्या भाषेत, लघवी आवरत नाही म्हणून आणलेल्या मुलात मधुमेह तर नाही ना, ही ती शंका. ती किती मोलाची आहे, हे लेखाच्या उत्तरार्धात येईल. इथे एवढेच नोंदवतो की काश्यपांचे निदान पाहण्यावर उभे आहे. बाळ काय करते, लघवी कशी दिसते, तिच्यावर काय बसते, ते पाहा. मुलाचा गुन्हा काय, असा प्रश्न त्या अध्यायात कुठेही नाही.

ग्रह, नवस आणि विस्तव

असे असले तरी आपली परंपरा सरसकट डोळस होती असे म्हणणे खोटे ठरेल. याच कौमारभृत्यात बालग्रहांचेही मोठे प्रकरण आहे. सुश्रुत नऊ ग्रह सांगतो, वाग्भट बारा. स्कंद, रेवती, पूतना अशी त्यांची नावे. मुलाला अकारण काही होऊ लागले की ते ग्रहाकडे जाई. ज्या वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने टीका लिहिली, त्याच ग्रंथात सूक्ष्म निरीक्षण आणि ग्रहशांती मांडीला मांडी लावून बसलेली आहेत. आमच्या भागातही तेच आहे. सोनपेठहून परळी जवळ. तिथला वैजनाथ म्हणजे वैद्यांचा नाथ. लेकराच्या आजारासाठी त्याला नवस बोलणारी माणसे दुसऱ्या दिवशी त्याच लेकराला घेऊन दवाखान्याच्या रांगेतही उभी असतात. दोन्हीमध्ये त्यांना विसंगती वाटत नाही, आणि मला त्यांना हसावेसेही वाटत नाही. देवाने निदान मुलाला कधी मारलेले नाही.

घरगुती उपायही पुष्कळ. काळे तीळ आणि गूळ, ओवा, रात्री पाणी बंद, झोपण्यापूर्वी दृष्ट काढणे. त्यांतला एक इशारा तर आपण सगळ्यांनीच ऐकलेला आहे : विस्तवाशी खेळू नको, रात्री अंथरुणात मुतशील. मला वाटत असे, ही खास आपली समजूत. पण व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइडने १९०५ साली 'डोरा' या टोपणनावाच्या मुलीवर जो प्रसिद्ध वृत्तांत छापला, त्यात हीच समजूत आहे. मुलांना काड्यापेटीशी का खेळू देत नाहीत, असे तो तिला विचारतो. आणि अंथरूण ओले होईल ही भीती त्यामागे असल्याचे स्वतःच सांगतो. व्हिएन्नातली दाई आणि सोनपेठची आजी एकच वाक्य बोलत होत्या. फ्रॉइडने मात्र त्यावर मोठी इमारत बांधली. मुलांच्या मूत्राशयाच्या तक्रारींना त्याने कामवासनेशी जोडले. आजीचा इशारा रात्रीपुरता होता. फ्रॉइडमुळे पुढची कित्येक दशके मुलाच्या मनात काहीतरी काळेबेरे आहे, असे सुशिक्षित डॉक्टरांनाही वाटत राहिले.

उंदरापासून वेतापर्यंत

युरोपचा जुना इतिहास आपल्यापेक्षा काही वेगळा नाही. इजिप्तमधल्या एबर्स पपायरसमध्ये, म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वी, मुलांच्या अनावर लघवीवर उपाय लिहिलेला आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो, उकडलेले उंदीर अन्नातून द्या. १५४०च्या दशकात इंग्लंडमध्ये टॉमस फेअर याने मुलांच्या रोगांवर इंग्रजीतले पहिले मानले जाणारे पुस्तक छापले. त्यात अंथरूण ओले करण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि कोंबड्याच्या श्वासनळीची पूड हे त्यातले एक औषध. या सर्वांत इब्न सिनाच्या परंपरेतले हकीम मला जास्त शहाणे वाटतात. त्यांनी सैल पडलेल्या स्नायूंबरोबर मुलांच्या गाढ झोपेकडे बोट दाखवले. आजचे संशोधनही झोपेतून जाग न येण्याला एक मुख्य कारण मानते.

एकोणिसाव्या शतकात विज्ञानाचा जोर वाढला, तसे उपाय सौम्य होण्याऐवजी कठोर झाले. बेलाडोना या विषारी वनस्पतीचा अर्क दिला जाई. पाठीला विजेचे झटके, मुलग्यांच्या इंद्रियाला चाप, टोकाला चिकट लेप, असे प्रकार वैद्यकाच्या नावाखाली चालले. आणि घरात, शाळेत, वसतिगृहात वेत होताच. बिहारमधल्या मोतिहारीत १९०३ साली जन्मलेला एरिक ब्लेअर, म्हणजेच पुढचा जॉर्ज ऑर्वेल, आठव्या वर्षी इंग्लंडमधल्या निवासी शाळेत गेला आणि तिथे त्याचे अंथरूण ओले होऊ लागले. त्याबद्दल त्याला मार बसला. त्याच्या मृत्यूनंतर १९५२ साली छापलेल्या निबंधात त्याने लिहिले आहे की, पाप ही आपण करतो अशीच गोष्ट असते असे नाही, ती आपल्याला घडूही शकते, हा धडा तो तिथे शिकला. आठ वर्षांच्या मुलाने हे शिकावे, यापेक्षा मोठी शिक्षा कोणती?

इथे थोडे स्वतःबद्दल सांगणे भाग आहे. मी चौथीनंतर एका वसतिगृहात होतो. अकराव्या वर्षापर्यंत माझेही अंथरूण ओले होत असे. सकाळी ओली सतरंजी डोक्यावर घेऊन सगळ्यांसमोर उभे राहायचे, ही तिथली रीत होती. शिक्षा करणारे गृहस्थ दुष्ट नव्हते. मला सवय लागावी असेच त्यांना वाटे. मी रात्री जागा राहण्याचा प्रयत्न करी, आणि जागून जागून पहाटे जी झोप लागे ती अधिकच गाढ असे. अकराव्या वर्षी काही न करता ते आपोआप थांबले. सतरंजीने थांबवले असे त्यांना वाटले असेल.

१९३८ : एका वर्षात दोन गोष्टी

१९०४ साली ऑस्ट्रियातल्या ग्राट्झ येथे बालरोगतज्ज्ञ माइनहार्ड फाउंडलर यांनी एक उपकरण मांडले. रुग्णालयातल्या मुलाचे अंथरूण ओले झाले की घंटी वाजायची आणि परिचारिकेला कपडे बदलण्याची सूचना मिळायची. घंटी परिचारिकेसाठी होती. पण काही दिवसांनी दिसले, की त्या घंटीमुळे मुलांचे अंथरूण ओले होणेच कमी झाले आहे. सोय म्हणून केलेली वस्तू औषध निघाली. पुढे अमेरिकेतले होबार्ट मावरर आणि त्यांच्या पत्नी विली मे मावरर यांनी घंटी आणि विद्युत-चटईचा उपाय ३० मुलांवर पद्धतशीरपणे वापरून १९३८ साली तो प्रसिद्ध केला. मुलाला न मारता, न लाजवता, शरीराला जाग यायला शिकवता येते, हे त्यांनी दाखवले. घंटीचा हा उपाय आजही जगभर पहिल्या फळीतला मानला जातो.

तेच १९३८ साल मुंबईत काश्यपसंहिता छापून झाल्याचे. हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण न बोलणाऱ्या बाळाकडे नीट पाहा असे सांगणारा ग्रंथ आणि मुलाच्या अंगाला जाग शिकवणारी घंटी एकाच वर्षी लोकांसमोर आली, हे मी माझ्या वहीत शेजारी-शेजारी लिहून ठेवले आहे.

यानंतर पुरावे भराभर जमा होत गेले. १९७४ साली बेलफास्टच्या फोर्सिथ आणि रेडमंड यांनी अकराशेहून अधिक मुलांचा अभ्यास मांडला. काहीही उपचार न करता दरवर्षी साधारण १५ टक्के मुले आपोआप बरी होतात, असे त्यातून दिसले. म्हणजे माझी सतरंजी, आईचा नवस, आजीचे तीळगूळ, या सर्वांच्या खाती जमा झालेले यश बरेचसे वाढत्या वयाचे होते. अमेरिकेत हॅरी बॅकविन यांनी घराणी तपासली. आई आणि वडील दोघांचेही लहानपणी अंथरूण ओले होत असेल, तर त्यांच्या सुमारे ७७ टक्के मुलांत तेच आढळते. एकाचे होत असेल तर ४४ टक्के. कोणाचेच नसेल तर १५ टक्के. १९८९ साली डेन्मार्कमधल्या आऱ्हूस येथील संशोधकांनी दाखवले, की यांतल्या काही मुलांच्या शरीरात रात्री मूत्र कमी करणारे संप्रेरक वाढायला हवे तसे वाढत नाही. त्यामुळे रात्री लघवी फार तयार होते. १९९५ साली डेन्मार्कमध्येच काही घराण्यांत या प्रवृत्तीचा संबंध तेराव्या गुणसूत्राशी जोडला गेला.

ज्या बापाने मुलाला मारले, त्यानेच ती प्रवृत्ती त्याला दिली असण्याचा संभव आहे. हे वाक्य मी एका गावच्या पालकसभेत बोललो, तेव्हा मागच्या रांगेतला एक बाप मान खाली घालून हसला. सभा संपल्यावर तो जवळ येऊन म्हणाला, "माझंबी सातवीपस्तोर व्हतं, सर. पण पोराला कवा सांगितलं न्हाई."

आज निदान कसे करतात

आंतरराष्ट्रीय बाल-संयमन संस्थेने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या विषयाची परिभाषा घासूनपुसून लख्ख केली आहे. तिचा गाभा असा. पाच वर्षांच्या आत याला आजार म्हणत नाहीत. पाचनंतर, फक्त झोपेत अंथरूण ओले होत असेल आणि दिवसा लघवीची काहीच तक्रार नसेल, तर तो साधा प्रकार. दिवसाही घाई होते, चड्डी ओली होते, लघवी थेंबथेंब होते किंवा जोर करावा लागतो, तर तो वेगळा प्रकार आणि त्याची तपासणीही वेगळी. मूल सहा महिने किंवा जास्त काळ पूर्ण कोरडे राहून पुन्हा सुरू झाले असेल, तर त्याचे कारण स्वतंत्रपणे शोधायचे.

हे ओळखायला पहिल्या दिवशी मोठे यंत्र लागत नाही. लागते ती वही. किमान दोन दिवस मूल किती वेळा लघवीला गेले आणि दर वेळी किती झाली, आणि सात रात्री अंथरूण ओले झाले की कोरडे, एवढे लिहायचे. मापाला औषधाची खुणा असलेली बाटली चालते. वयाच्या आकड्यात एक मिळवून ३० ने गुणले, की त्या वयात मूत्राशयात साधारण किती मावायला हवे ते मिलिलिटरमध्ये मिळते. आठ वर्षांच्या मुलाचे २७०. दिवसा दर वेळी ७०-८० मिलिलिटरच होत असेल, तर मूत्राशय लवकर आवळतो आहे असा संशय घ्यावा. दिवसा माप बरोबर, पण रात्रीचे आणि पहाटेचे मिळून ३५० च्या पुढे जात असेल, तर रात्री लघवी जास्त बनते आहे. पहिल्या मुलाला आणि दुसऱ्याला एकच औषध देणे चूक, हे ही वही सांगते.

दुसरा प्रश्न शौचाचा. १९८०च्या दशकात माँट्रियलच्या शॉन ओ'रेगन यांनी बद्धकोष्ठ आणि अंथरूण ओले होणे यांचा संबंध पुढे आणला. भरलेले आतडे मूत्राशयाला रेटते. शाळेचे शौचालय वापरण्याजोगे नसल्यामुळे दिवसभर दोन्ही वेग दाबून धरणारी मुले आपल्याकडे किती आहेत, हे कोणत्याही शिक्षकाला विचारावे. मुलींचे हाल तर अधिकच. पोट साफ होऊ लागले की काही मुलांची रात्र आपोआप कोरडी होते.

आता ज्या गोष्टी चुकता कामा नयेत त्या. मुलाच्या लघवीची धार जन्मापासून बारीक किंवा तुटक असेल, तर मूत्रमार्गात पडद्याचा अडथळा असू शकतो. ह्यू यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९ सालीच त्याचे वर्णन केले आहे. वेळेवर न ओळखल्यास मूत्रपिंडे खराब होतात. मुलगी व्यवस्थित लघवीला जाते आणि तरीही दिवसरात्र सतत थोडी ओलीच असते, तर मूत्रपिंडाची नळी चुकीच्या जागी उघडत असेल. शस्त्रक्रियेने ती बरी होते. तोवर त्या मुलीला वर्षानुवर्षे 'घाणेरडी' ऐकावे लागते. कमरेच्या खाली मणक्यावर केसांचा झुपका, खड्डा किंवा गाठ दिसली, तर मज्जारज्जू तपासायला हवा. लघवी करताना आग, ताप असेल तर जंतुसंसर्ग. विदर्भ आणि आसपासच्या ज्या समाजांत सिकलसेल आढळतो, तिथल्या मुलांची मूत्रपिंडे लघवी घट्ट करू शकत नाहीत, म्हणूनही अंथरूण ओले होते.

आणि सर्वांत तातडीचे ते काश्यपांच्या माशीचे. वर्ष-दोन वर्षे कोरडे असलेले मूल अचानक अंथरूण ओले करू लागले, त्याला तहान फार लागते, भूक असूनही ते वाळत चालले आहे, तर त्याच दिवशी साखर तपासावी. प्रकार एकचा मधुमेह मुलांत असाच दार ठोठावतो. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्याआधी हे निदान म्हणजे मृत्यूची सूचना होती. आज तसे नाही. छत्रपती संभाजीनगरात डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' ही संस्था अशा मुलांसाठी काम करते आणि ती मुले शिकतात, खेळतात, मोठी होतात. पण त्यासाठी कोणीतरी आधी ओळखावे लागते. पूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात बेनेडिक्टचे निळे द्रावण असे. त्यात लघवीचे थेंब टाकून तापवले, की साखरेच्या प्रमाणात ते हिरवे, पिवळे, विटकरी होई. आज कागदाची पट्टी किंवा बोटातला थेंब पुरतो. अशा मुलाला 'मुतरा' म्हणून पाणी बंद करणे हा जिवाशी खेळ आहे.

नोंद कुठे करायची

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे झाली. त्याची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन मुले तपासतात. त्या कार्यक्रमाच्या मूळ ३० विकारांच्या यादीत मणक्याचा जन्मदोष आहे, दृष्टी आहे, श्रवण आहे, दात आहेत. अंथरूण ओले होणे नाही. यादी करणाऱ्यांना मी दोष देत नाही. जीव घेणारे आजार आधी येणारच. पण सात वर्षांच्या मुलांत दहात एकापासून विसात एकापर्यंत ज्याचे प्रमाण जगभर सांगतात, ती तक्रार चाळीस मुलांच्या वर्गात दोन ते चार घरी असणार. शार्ङ्गधराच्या यादीत नाव होते, वर्णन नव्हते. आपल्याकडे वर्णन पुरेपूर आहे आणि यादीत नाव नाही.

यासाठी फार पैसा लागेल असेही नाही. हंगामी वसतिगृहात वा आश्रमशाळेत मूल दाखल होताना आईला आडोशाला घेऊन चार प्रश्न विचारता येतील. रात्री अंथरूण ओले होते का? पहिल्यापासून, की मध्ये थांबून पुन्हा? दिवसाही होते का? शौचाला रोज होते का? उत्तर 'हो' आले तर मुलाला प्रवेश नाकारायचा नाही. त्याला दाराजवळची जागा द्यायची, झोपण्यापूर्वी लघवीला पाठवायचे, दोन जादा चादरी ठेवायच्या, सकाळी तो स्वतः त्या गुपचूप बदलू शकेल अशी सोय करायची. आणि पहिल्या आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात नेऊन लघवीची व साखरेची तपासणी करून घ्यायची.

सोनपेठच्या त्या बाईंना मी त्या संध्याकाळी यांतले काहीच सांगू शकलो नव्हतो. मलाच माहीत नव्हते. पुढच्या वर्षी दसऱ्याला त्या भेटल्या तेव्हा मी आधी विचारले, मधे कधी थांबलं होतं का? त्या म्हणाल्या, "न्हाई भाऊ, जलमापसून हाय." तहान? "रोजच्यासारखी." शौचाला? त्या गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "तीन-तीन दिस जात न्हाई त्ये." मी त्यांना रुग्णालयाचा रस्ता सांगितला आणि औषधाची एक मोकळी बाटली दिली, मापासाठी. मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. बाटली त्याने आईच्या हातातून घेतली आणि तिच्यावरचे आकडे वाचायला लागला.